तीन दिवसांचं पाणी

नागनाथ गेल्याची बातमी मला शाळेच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर कळली. सकाळी दुकान उघडलं की झेरॉक्सचं मशीन गरम होईपर्यंत मी मोबाईल चाळत बसतो, तसाच बसलो होतो. कुणीतरी त्याचा कुठल्याशा लग्नातला, फेटा बांधलेला फोटो टाकला होता आणि खाली 'भावपूर्ण श्रद्धांजली'. त्याच्याखाली जोडलेल्या हातांची रांग लागली होती. ज्यांनी वर्षानुवर्षं त्याला साधा फोन केला नव्हता, त्यांचेही हात जोडलेले. एकानं लिहिलं होतं, 'प्रामाणिक कारागीर हरपला.' हाच गृहस्थ नऊ वर्षांपूर्वी लोकांना सांगत फिरत होता की नागनाथला काम देऊ नका, त्याचं बाथरूम गळतं. मला त्याचा राग आला. मग मीही दोन हात जोडले आणि समोर उभ्या असलेल्या पोरीच्या प्रवेशअर्जाच्या चार प्रती काढून दिल्या.

याला आता दोन महिने होत आले. गेलेल्या माणसाबद्दल चांगलं लिहावं अशी आपल्याकडे रीत आहे. नागनाथबद्दल वाईट लिहायला माझ्याकडे काही नाहीच. जे वाईट आहे ते माझ्याबद्दलचं आहे, आणि ते वगळून त्याच्यावर लिहिणं म्हणजे आणखी एकदा हात जोडून मोकळं होणं...

आम्ही उदगीरला सातवीपर्यंत एका बाकावर बसलो. त्याचे वडील गवंडी होते. सातवीनंतर तो त्यांच्या हाताखाली गेला, मी पुढे शिकलो, म्हणजे शिकलो असं म्हणायचं. शेवटी लातूरला शिकवण्यांच्या गल्लीत वह्या-पेनांचं आणि झेरॉक्सचं दुकान टाकलं. चारेक वर्षांनी तोही लातूरला आला. तोवर तो फरशीकाम शिकला होता, आणि त्यातही बाथरूमचं. बाकीचे मिस्त्री बाथरूमला कंटाळतात. जागा अडचणीची, कोपरे फार, चौकटी-पाइपांची भानगड, आणि एवढं करून पाहुण्यांना दाखवायला तिथं कुणी नेत नाही. नागनाथला मात्र तेच आवडायचं. हॉलमधली फरशी कुणीबी टाकतंय, असं तो म्हणायचा.

त्याचं काम बघत बसणं हा माझा सुट्टीच्या दिवसाचा उद्योग होता. आधी स्लॅब खरवडून, झाडून, धुऊन लख्ख करायचा. धुळीवर मारलेलं केमिकल म्हणजे अंघोळ न करता लावलेली पावडर, हे त्याचं लाडकं वाक्य होतं. मग पाइप जिथून जिथून स्लॅबमधून आणि भिंतीतून येतात तिथला सगळा ठिसूळ माल काढून नवा भरायचा. भिंत आणि जमीन मिळते तिथं काटकोन राहू द्यायचा नाही, बोटानं फिरवून सिमेंटची गोलाई द्यायची. वरून पाणी अडवणाऱ्या केमिकलचे दोन हात, पहिला उभा, दुसरा आडवा, आणि भिंतीवर फूटभर वर चढवलेले. एवढं सगळं झालं की आपण म्हणणार, आता टाका फरशी. इथंच त्याचं गिऱ्हाइकाशी भांडण सुरू व्हायचं. कारण नागनाथ जाळीचं तोंड बंद करून त्या बाथरूममध्ये पाच बोटं पाणी भरायचा आणि तीन दिवस काम थांबवायचा.

हे पुण्या-मुंबईच्या वाचकाला विशेष वाटणार नाही. पण लातूर आहे हे. आमच्याकडे नळ कधी आठवड्यानं येतो, कधी पंधरवड्यानं. भांडी विसळलेलं पाणी आम्ही संडासाला ठेवतो. अशा गावात एक मिस्त्री उन्हाळ्याच्या तोंडावर म्हणतो की टँकर बोलवा आणि तीन दिवस पाणी नुसतं उभं करा. लोक चिडायचे, हसायचे, दुसरा मिस्त्री बघायचे. नागनाथ ऐकायचा नाही. तिसऱ्या दिवशी तेच पाणी बादल्यांनी उपसून बांधकामावर मारायचा, एक तांब्याही वाया जाऊ द्यायचा नाही, पण भरल्याशिवाय फरशीला हात लावायचा नाही. पाण्याच्या कडेला भिंतीवर पेन्सिलची रेघ मारायचा. शेजारी दोन विटांवर एक घमेलं काठोकाठ भरून ठेवायचा. उन्हानं, वाऱ्यानं थोडं पाणी आटणारच. घमेल्यातलं जेवढं गेलं तेवढंच बाथरूममधलं गेलं तर काम पक्कं. जास्त गेलं तर कुठंतरी वाट आहे. इतकी साधी गोष्ट होती ती.

एकदा मी त्याला डिवचलं. म्हटलं, तुझा तुझ्या हातावर विश्वास नाही म्हणून हे पाण्याचं सोंग करतोस. तो रागावला नाही. पाइपाभोवती माल दाबता दाबता म्हणाला, "हात चुकतोच की. हात चुकतो म्हणून तर पाणी भरायचं. पाण्याला माझी भीड न्हाई." एका डॉक्टरांच्या घरी दुसऱ्याच दिवशी पाणी रेघेखाली गेलेलं सापडलं, तेव्हा मी तिथं होतो. दुसरा कुणी असता तर गुपचूप वर दोन बादल्या ओतून मोकळा झाला असता. हा माणूस खुशीत आला. हरवलेलं काही सापडावं तसा 'घावलं, घावलं' म्हणत स्वतःच्याच कामावर छिन्नी चालवायला बसला. डॉक्टरीणबाईंनी त्या दिवशी त्याला दोनदा चहा दिला. पुढं त्यांनीच त्याला आणखी चार घरं मिळवून दिली. हळूहळू लातुरात त्याचं नाव झालं ते फरशीवरून नव्हे, या तीन दिवसांच्या पाण्यावरून.

मग आमचं बांधकाम निघालं. खाली माझे थोरले बंधू, म्हणजे अण्णा, आणि त्यांचं कुटुंब राहतं. वर आम्ही. आमच्याच मजल्यावर शिकवणीच्या पोरींना भाड्यानं द्यायला दोन खोल्या आणि एक बाथरूम वाढवायचं ठरलं. बाथरूम नेमकं अण्णांच्या बैठकीच्या खोलीवर येत होतं. नागनाथ सोडून दुसऱ्या कुणाला बोलवायचा प्रश्नच नव्हता. त्यानंही दुसरीकडचं काम थांबवून आमचं धरलं. एप्रिल होता. जूनमध्ये पोरी येणार होत्या.

त्यानं पाणी भरलं, रेघ मारली, घमेलं ठेवलं. जाताना माझ्या बायकोला, मंगलला म्हणाला, "वैनी, तीन दिस दार लावून घ्या, हिकडं फिरकू नका." आणि तो उदगीरला एका लग्नाला गेला.

त्या आठवड्यात नळ आला नाही. टँकरवाला आज येतो, उद्या येतो करत होता. मंगलनं जेमतेम पाण्यात स्वयंपाक, धुणं निभावून नेलं, तिची तक्रार नव्हती. तक्रार माझी होती. दुपारी दुकान बंद करून जेवून तास-दीड तास कूलरपुढं झोपायची माझी सवय, आणि कूलर कोरडा. पहिल्या दिवशी मी तळमळत पडलो. डोळ्यांसमोर सारखं ते बाथरूममधलं पाणी येत होतं. एवढं पाणी घरात असून आपण उकडून निघतोय, याचा मला खरोखर संताप आला. उठलो, बादली घेतली आणि दार उघडलं. मंगल म्हणाली, नागनाथभाऊजींनी नको म्हटलंय. मी म्हटलं, दोन बादल्यांनी काय होतंय. दोनाच्या चार झाल्या. दुसऱ्या दिवशी आणखी चार. गार वारा यायला लागल्यावर किती छान झोप लागली होती, तेही मला आठवतं. नाही आठवलं तर बरं होईल.

तिसऱ्या दिवशी सकाळी टँकर आला. वर जाऊन बघतो तर पाणी रेघेच्या चांगलं दोन बोटं खाली. आता नागनाथ येणार, बघणार, पुन्हा तीन दिवस म्हणणार, आणि कारण कळलं की मला चार माणसांत कूलरवरून चिडवणार. मी सात-आठ बादल्या ओतल्या. शेवटची बादली तर तांब्या-तांब्यानं ओतली, बरोबर रेघेला पाणी टेकेपर्यंत. एखादं काम मी आयुष्यात इतक्या निगुतीनं केलं असेल असं मला वाटत नाही. घमेल्याकडं माझं लक्षच गेलं नाही.

तासाभरानं तो आला. बसस्टँडवरून सरळ आमच्याकडं. आधी खाली जाऊन अण्णांच्या खोलीचं छत हात लावून बघून आला, ते कोरडं ठणठणीत होतं. मग बाथरूममध्ये उकिडवा बसला, चष्मा पुसून रेघ बघितली, आणि तसाच बसून राहिला. मी दारात उभा होतो. तो घमेल्याकडं बघत होता.

"घमेल्यातलं बोटभर गेलंय," तो म्हणाला. "हितलं न्हाई. शिवराज, पाण्याला कुणी हात लावला न्हवता न्हवं?"

"छे," मी म्हटलं. "कोण लावतंय?"

त्यानं माझ्याकडं बघितलं. मग चष्मा खिशात ठेवला. दार बंद होतं, कोंडल्या जागेत पाणी कमी आटत असेल, घमेल्याला खिडकीचं ऊन लागलं असेल, असं काहीबाही तो स्वतःशीच म्हणाला. मी मान हलवली. दुसऱ्या कुणाचं घर असतं तर त्यानं ते सगळं पाणी काढून पुन्हा भरलं असतं, आणि घरमालकानं बोंब मारली तरी ऐकलं नसतं. माझ्या घरी त्यानं दुपारी फरशी टाकायला घेतली.

काम देखणं झालं. उतार असा की कुठंही पाणी सांडा, ते जाळीकडेच जाणार. एकेक फरशी थापीच्या दांड्यानं वाजवून घेतली, जिथं पोकळ वाजलं ती काढून पुन्हा बसवली. जूनमध्ये पोरी आल्या. दिवाळीनंतर अण्णांच्या मुलीला बघायला पाहुणे आले. बैठकीत सोफ्यावर मुलाचे मामा बसले होते, पांढरीशुभ्र टोपी घालून. पोह्यांच्या बशा फिरत होत्या आणि वर कुणीतरी अंघोळीला गेली असणार. मामांच्या टोपीवर एक थेंब पडला. त्यांनी वर बघितलं. मग सगळ्यांनी वर बघितलं. दुसरा थेंब मामांच्या कपाळावर पडला. अण्णांनी आपल्या हातानं त्यांचं कपाळ पुसलं. लग्न त्याच स्थळाशी झालं, काही बिघडलं नाही, पण अण्णांना त्या दिवशी मेल्याहून मेल्यासारखं झालं.

अण्णा तापट आहेत, आणि त्यांच्या जागी कुणीही तापला असता. दुसऱ्या दिवशी सकाळी ते मला घेऊन फरशीच्या दुकानापुढं गेले. तिथं सकाळी लातूरचे सगळे मिस्त्री आणि कामं असणारे लोक जमतात. नागनाथ कुणाशी तरी बोलत उभा होता. अण्णांनी त्याला गाठलं आणि आवाज चढवून सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं की हा माणूस पाणी भरून दाखवायचं नाटक करतो, लोकांचे तीन-तीन दिवस खातो आणि खाली पाहुण्यांच्या डोक्यावर संडासाचं पाणी पाडतो. संडासाचं नव्हतं ते. पण तसं म्हटल्यानं जास्त लागतं. लोक थांबून बघायला लागले. नागनाथनं एकदा माझ्याकडं बघितलं. मी तिथं, अण्णांच्या उजव्या हाताला, तीन फुटांवर उभा होतो. तोंड उघडून एक वाक्य बोलायचं होतं. मी चपलेतला खडा काढला... खडा नव्हताच.

नागनाथ एवढंच म्हणाला, "अण्णा, माझं चुकलं आसंल. उद्या येतो."

तो आला. पाइपाजवळच्या तीन फरशा फोडल्या. भिंतीतून येणाऱ्या पाइपाभोवती, जमिनीपासून चार बोटांवर, केसाएवढी भेग होती. पाच बोटं पाणी तीन दिवस उभं राहिलं असतं तर पहिल्या रात्रीच तिनं खाली ओल दाखवली असती. पण माझ्या बादल्यांनी पाणी त्या भेगेच्या खाली आणून ठेवलं होतं, आणि शेवटच्या तासाभरात काय झिरपणार? हे मला त्याच्या मागं उभं राहून, त्याच क्षणी कळलं. त्याला कळायला काही मार्ग नव्हता. 'घावलं' असं तो याही वेळी म्हणाला, पण त्यात खुशी नव्हती. भेग बुजवली, पाणी भरलं, आणि या वेळी तीन दिवस रोज सकाळ-संध्याकाळ येऊन बघून गेला. मी त्या तीन दिवसांत दुकानातच जेवलो.

काम तुटायला वेळ लागला नाही. इतर मिस्त्र्यांना तो नकोच होता, त्याच्यामुळं त्यांना गिऱ्हाइकं 'पाणी भरून दाखवा' म्हणायची. आता ते मोकळे झाले. ज्या गोष्टीवर त्याचं नाव होतं तीच लोकांच्या हसण्यावारी गेली. वर्षभरानं तो बिऱ्हाड घेऊन नांदेडला गेला आणि तिथं रस्त्याच्या कडेनं सिमेंटचे गट्टू बसवायच्या कामावर लागला. मी एकदा फोन करून विचारलं, बाथरूमची कामं मिळत नाहीत का तिकडं? मला बरं वाटावं असं उत्तर हवं होतं. तो म्हणाला, "गट्टूचं बरं हाय. खालून पाणी गेलं तरी कुणी काय म्हणत न्हाई." मी हसलो. तोही हसला असेल, फोनवर नीट कळलं नाही. गट्टू बसवतानाच, भर दुपारी, त्याच्या छातीत कळ आली. दवाखान्यात नेईपर्यंत संपलं होतं.

तेराव्याला जायचा मला धीर झाला नाही. त्यानंतर आठवड्यानं अहमदपूर-लोहामार्गे नांदेडला गेलो. तरोड्याच्या पुढं दोन खोल्यांचं घर आहे. सुमनवहिनींनी, त्याच्या बायकोनं, चहा केला. मुलगा महेश घरी होता. तोही फरशीचीच कामं घेतो, चांगली मोठी घेतो. मी काहीतरी बोलायचं म्हणून विचारलं, बाबांसारखं पाणी भरतोस का? तो म्हणाला, "न्हाई काका. केमिकल मारतो, फोटो काढतो, फरशी टाकून मोकळा होतो. बाबांनी जल्मभर पाणी भरलं, काय मिळालं? शेवटी गळलंच की."

वहिनी त्याच्यावर चिडल्या नाहीत. चहाची कपबशी माझ्यापुढं सरकवत म्हणाल्या, त्यांच्या मनातून ते कधी गेलंच नाही. दोनदा चष्म्याचा नंबर बदलून आणला. रेघ बघण्यात आपली नजर चुकली असं धरून बसले होते. "मला म्हणायचे, घमेल्याचं आन् त्या पाण्याचं जुळत न्हवतं, तवाच मला कळाया पायजे हुतं. पर म्या शिवराजला इचारलं हुतं. शिवराज मला कशाला खोटं बोलंल? मंग माझाच डोळा चुकला."

नऊ वर्षं. नऊ वर्षं हा माणूस आपला डोळा चुकला, हात चुकला असं म्हणत राहिला, कारण मी खोटं बोलेन ही शक्यता त्यानं हिशेबातच धरली नव्हती. त्याला पाण्यापेक्षा मी खरा वाटलो. एवढ्या हुशार कारागिराची आयुष्यातली एकमेव ढोबळ चूक ती हीच.

मी सांगितलं. कूलर, बादल्या, तांब्या-तांब्यानं ओतलेलं पाणी, फरशीच्या दुकानापुढचं गप्प बसणं, सगळं. सांगताना मी रडलो, पण त्या रडण्याचं मी कौतुक करणार नाही, ते मलाच हलकं करत होतं. महेश मधेच उठला आणि बाहेर जाऊन गाडीला टेकून उभा राहिला. वहिनी ऐकून घेत होत्या. मी थांबलो. मला वाटलं, आता शिव्या देतील, आणि त्या मला हव्या होत्या.

"भाऊजी, हे त्यांच्या म्होरं बोलायचं हुतं," त्या म्हणाल्या. "तुमच्या अण्णांला ठाव हाय का?"

मी नाही म्हटलं.

"मंग मला सांगून काय हुतंय? जिथं त्यांला खोटं म्हणलं, तिथं सांगा."

परतीच्या एसटीत लोह्यापासून अहमदपूरपर्यंत मी पाठ करत होतो, अण्णांना कसं सांगायचं. घरी पोहोचलो तर ते खाली बैठकीत पेपर वाचत होते. म्हणाले, जाऊन आलास? बरं झालं. बिचारा माणूस चांगला होता, पण कामात कच्चा. मी म्हटलं, हं. आणि वर निघून गेलो. त्यानंतर रोज ठरवतोय. त्यांच्या आणि माझ्या घरात चौदा पायऱ्या आहेत. त्या उतरून एक वाक्य बोलणं मला महिनाभरात जमलेलं नाही. मग लक्षात आलं की अण्णा रविवारची ही पुरवणी पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचतात. फरशीच्या दुकानातही हाच पेपर येतो आणि मिस्त्री लोक तो हातोहात वाचतात.

तेव्हा अण्णा, तुम्ही इथपर्यंत आला असाल तर वर हाक मारू नका, मीच खाली येतोय. नागनाथचं चुकलं नव्हतं. पाणी मी काढलं, मीच भरलं, आणि त्यानं विचारलं तेव्हा नाही म्हणालो. उद्या सकाळी त्या दुकानापुढं जाऊ. त्या दिवशी तुम्ही जिथं उभे होता तिथंच उभे राहा. या वेळी बोलणार मी आहे.